न दिसणारा गेरू

निवृत्त झाल्यावर सकाळी करायचं काय, हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला. तेल्हाऱ्याच्या शाळेत तीसेक वर्षं गणित शिकवलं आणि मग अमरावतीला राजापेठेत राहायला आलो. आमच्या वरच्या मजल्यावर गणिताचीच शिकवणी चालते. रोज सकाळी छतातून वर्गसमीकरणं ऐकू येत. शिकवणाऱ्याने एखादी पायरी गाळली की मी खाली चहाचा कप धरून अस्वस्थ व्हायचो. बायको आरोग्य केंद्रात नर्स होती, माझ्याआधी वर्षभर निवृत्त झालेली. तिने हे दोन महिने सहन केलं. मग एक दिवस वाचनालयाच्या फळ्यावरची चिठ्ठी उतरवून आणली. सातपुड्यातल्या गुहांत आदिमानवाने काढलेली चित्रं आहेत, त्यांची नोंद करायला स्वयंसेवक हवेत, डोंगर चढता आला पाहिजे, एवढाच मजकूर.

"जा तुमी," ती म्हणाली. "डोंगरावर कोनी शिकवनी घेत नाई."

पुढच्या रविवारी मी गेलो. आम्ही सहा जण होतो, आणि आमच्या पुढे एक भूगोलाच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांना सगळे मॅडम म्हणत. मोर्शीच्या पुढे रस्ता संपला तिथे जीप ठेवली आणि नाल्याच्या काठाकाठाने चालत निघालो. वाट दाखवायला शेळ्या चारणारे एक बाबा होते. त्यांना प्रत्येक कपार ठाऊक, कारण प्रत्येक कपारीत त्यांची एखादी शेळी कधी ना कधी हरवलेली.

मॅडमनी नियम सांगितले. चित्राला हात लावायचा नाही. नीट दिसावं म्हणून पाणी मारायचं नाही, खडूने गिरवायचं तर मुळीच नाही. आधी फोटो, मग शेजारी मापाची काळी-पांढरी पट्टी धरून दुसरा फोटो, मग मापं, मग तक्ता भरायचा. शाळेसारखंच होतं. मला बरं वाटलं.

पहिल्या गुहेत शिरलो. मग कुजबुज सुरू झाली. "तो बैल पाहा." "त्याच्या मागे माणूस आहे, हातात काठी." "गेरू अजून किती ताजा आहे."

मी पाहिलं. मला दगड दिसला. चांगला दगड होता, पण दगडच.

"दिसलं ना सर?" मॅडमनी विचारलं.

"हो, दिसलं," मी म्हणालो.

का म्हणालो, ते आज सांगता येत नाही. बाकी सगळ्यांना दिसत होतं, आणि आयुष्यभर फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला "समजलं नाही" म्हणायची सवय नसते. तक्ता भरताना मी शेजारच्याच्या कागदावरून 'आकृत्या : सात' असं उतरवून घेतलं. हे काम मुलं किती सफाईने करतात ते त्या दिवशी कळलं. मला ते नीट जमलं नाही.

दुपारी मॅडमनी एकेकाला एकेक भिंत वाटून दिली. माझ्या शेजारी कोणीच नव्हतं. अर्धा तास डोळे फाडून पाहिल्यावर मला एक हरीण सापडलं. मी त्याचं रेखाचित्र काढलं, मापं घेतली, शिंगं मोजली.

मॅडम आल्या, कागद पाहिला. "हे कुठं आहे?"

मी बोट दाखवलं. त्या बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या. "सर, ही पाणी झिरपल्याची रेघ आहे. आणि तिच्या बाजूला हे दोन बैल आहेत, हातभर लांब, ते तुम्ही लिहिले नाहीत."

त्यांनी पाठीवरची पिशवी काढून माझ्यासमोर धरली. "हिचा रंग कोणता?"

"तपकिरी."

"हिरवा आहे, सर. तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. किती वर्षांपासून?"

"साठ," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत, म्हणून मीच हसलो. मग दगडावर बसून मागचं सगळं आठवू लागलो. बाजारात मी संत्रं नेहमी दाबून पाहायचो. पिकलंय की कच्चं ते रंगावरून कधी कळलंच नव्हतं. मला वाटायचं रंग ओळखणं ही लक्ष देण्याची बाब आहे, आणि आपलं लक्ष नसतं.

मॅडमनी मोबाईल काढला. त्यात फोटोतले फिकट रंग बदलून ठळक करण्याची सोय होती. त्यांनी त्या भिंतीचा फोटो घेतला, दोनचार वेळा बोट फिरवलं, आणि पिवळ्या भिंतीवर दोन निळेशार बैल उभे राहिले. एकाची मान खाली, दुसऱ्याची शेपूट वर. मी पडद्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. भिंत कोरीच होती. पडद्यावरचे बैल मी इतका वेळ पाहत बसलो की मोबाईलची बॅटरी संपते की काय म्हणून मॅडमनी तो हळूच काढून घेतला.

"मी पुढच्या रविवारपासून येत नाही," मी म्हणालो. "तुमच्या काही कामाचा नाही."

"मापं कोण घेणार?" त्या म्हणाल्या. "ह्या लोकांची दोन मापं एकमेकांशी जुळत नाहीत."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"मले तं लग्नापासून मालूम हाये. हिरवी साडी आना म्हटलं, तं तुमी चॉकलेटी आनली होती."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"सांगून काय झालं असतं? तुमी इतक्या हौसेनं आनली होती. म्या नेसली."

ती साडी तिने कितीदा तरी नेसलेली मला आठवत होती. मी पण मेथी निवडायला बसलो.

पुढच्या रविवारी ती माझ्याबरोबर आली. तिचे गुडघे माझ्याहून बरे होते. तिने बघायचं आणि मी मोजायचं, असं ठरलं. ती सांगे, "अठी याचा पाय संपला," मी पट्टी धरी. तक्त्यात रंगाची छटा लिहायची असते. मी विचारलं, "लाल कसा?"

"वाळलेल्या रक्तावानी," नर्सबाई म्हणाल्या. मी तसंच लिहिलं. मॅडमनी ते खोडलं नाही.

तिसऱ्या खेपेला दुपार उलटून गेल्यावर एका उथळ गुहेत जेवायला बसलो. मॅडमच्या यादीत तिच्यापुढे 'चित्रे नाहीत' असं लिहिलेलं होतं. भाकरी, झुणका, ठेचा. पश्चिमेकडून तिरकं ऊन आत आलं होतं. बाबा भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांच्या खांद्याच्या वर मला एक बैल दिसला. लांब शिंगं, वशिंड, पोटाची गोलाई. रंगाचा नव्हता, दगडात बारीक रेघा खोदून काढलेला होता.

मला हरीण आठवलं. मी घास गिळला आणि बायकोला हळू आवाजात बोलावलं.

"कोठी? मले तं काईच दिसून नाई राहिलं," ती म्हणाली.

मी हवेत बोट फिरवून दाखवलं. तिने बॅटरी काढली, बाबांना जरा सरकायला सांगितलं आणि भिंतीच्या अगदी कडेने प्रकाश टाकला, रोग्याच्या घशात पाहावं तसा. बैल सगळ्यांसमोर उभा राहिला. त्याच्या मागे अजून एक होता, लहान.

बाबा उठले आणि मागे फिरून पाहू लागले. "म्या याले पाठ टेकून उन्हाळे काढले," ते म्हणाले. त्यांनी आपलं घोंगडं तिथून उचललं आणि दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलं.

मॅडमनी चष्मा पुसला, बॅटरी घेतली, गुडघ्यावर बसून एकेक रेघ पाहिली. नंतर कितीतरी वेळ यादी चाळत राहिल्या. "आपण सगळे लाल शोधत होतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "'चित्रे नाहीत' लिहिलेल्या सगळ्या गुहा पुन्हा पाहाव्या लागतील." बाकीच्यांचे चेहरे पडले, कारण त्यातल्या निम्म्या डोंगराच्या अगदी माथ्यावर होत्या.

त्यानंतर दोन हिवाळे आम्ही त्या गुहा पाहत आहोत. मी दाखवतो त्यातल्या बऱ्याच रेघा नुसत्या भेगा निघतात आणि मॅडम त्या निर्दयपणे खोडतात. पण चार गुहांत खोदलेली जनावरं मिळाली, एकीत तर पूर्ण कळप. तक्त्याच्या तळाशी नोंद घेणाऱ्याची सही लागते. तिथे आम्ही दोघं सही करतो, आणि बायकोची आधी असते, कारण पेन तिचा असतो.