भिंतीपलीकडची उपाशी सून

सन दोन हजार सोळा. माझं वय पंचावन्न, नेमणूक दोंडाईच्याला. सातवी शिकून शिपाई झालो आणि फौजदार होऊन बाहेर पडलो. माणसं ठाण्याच्या बाकावर वाचली. त्यातली ती सून अजून विसरलेलो नाही.

गणपतीच्या बंदोबस्ताची गडबड होती. दुपारी एक अक्का ठाण्यात आल्या. शेतकरी घरातल्या, एका जैन व्यापाऱ्याच्या घराला त्यांची भिंत लागून.

“साहेब, आठ दिन व्हयनात, त्यासनी सूनना पोटमा दाणा नही. सासू म्हणस, उपास शे. मंग साबुदाणा नही, भगर नही? असा कोठे उपास ऱ्हास का? मी भितवरतून दूध दिधं, तर पोर हात जोडीसन मांगे सरकनी.”

मला पटलं. आमच्या घरी एकादशीला रोजच्यापेक्षा जास्त खाणं होतं. नवी सून, उपाशी, भ्यालेली. असली प्रकरणं मी खूप पाहिली होती. स्टेशन डायरीला नोंद केली, महिला शिपाई घेतली, ग्रामीण रुग्णालयात खाट धरून ठेवायला सांगितलं आणि जीप काढली.

दारात सासरे भेटले. वर्दी पाहताच हात जोडून म्हणाले, “साहेब, वर्षभरात कळत-नकळत आमच्याकडून दुखावलं गेलं असेल तर क्षमा करा.”

विचारायच्या आधी माफी, म्हणजे माझ्या अनुभवाप्रमाणे अर्धी कबुली.

“बसा. क्षमेचं ठाण्यात बघू.”

सुनेला वेगळं बसवून विचारलं. ओठ सुकलेले, पण आवाज खणखणीत.

“कोणी उपाशी ठेवलं?”

“मीच. सासूबाई म्हणत होत्या तीनच दिवस कर. मी ऐकलं नाही.”

“बरं. चल, सलाईन लावू.”

तेव्हा मात्र तिचे डोळे भरले. “काका, आज शेवटचा दिवस आहे. सलाईन लावलं तर सगळं मोडेल. उद्या सकाळपर्यंत थांबा.”

दबावाखाली पोरी असंच बोलतात. अशा वेळी माहेर गाठायचं, ही माझी पद्धत. जळगावला, मेहरूणमध्ये तिच्या वडिलांना फोन लावला. पोलीस म्हटल्यावर दचकले. पोरगी आठ दिवस जेवली नाही म्हटल्यावर हसायला लागले.

“पहिलीच अठाई तिची, साहेब. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. उपास सोडवायला उद्या सकाळी आम्ही सगळे येतोय. तुम्हीही या.”

क्षमेचं कोडंही त्यांनीच सोडवलं. पर्युषण हे त्यांचं उपास-व्रतांचं पर्व, त्याच्या शेवटी जैन लोक सगळ्यांचीच क्षमा मागतात. पोलीस त्यातून सुटत नाही.

तरी मी डॉक्टर घरी बोलावून तिची नाडी, रक्तदाब बघायला लावला. ठीक निघाला, तेव्हाच जीप फिरवली. माफी मागितली नाही. खबर आली की जायचं, त्याचाच पगार होता.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “इतला वरीस भितले भित शे. पापड देतस, कुरडया लेतस. हाई कधी इचारंच नही.”

माझं मत असं. आपण दुसऱ्याचा धर्म शिकत नाही, कारण आपला आपल्याला फार पक्का ठाऊक असतो. त्याचाही तसाच असणार, असं धरून चालतो. मग विचारायचं काय? अक्का भाविक, मीही भाविक. एखाद्या नास्तिकाने कदाचित विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदोबस्ताला जाण्याआधी अक्कांना घेऊन त्या घरी गेलो. सासूबाईंनी मुगाच्या पाण्याची वाटी अक्कांच्याच हातात दिली. “तुमचं दूध तिने परत केलं होतं ना? आता पहिला चमचा तुम्ही द्या.”

“ले माय,” अक्का म्हणाल्या.

मग एक चमचा मीही दिला. निघताना सासऱ्यांना म्हणालो, “शेठ, कळत-नकळत माझ्याकडूनही...” पुढचं त्यांनीच समजून घेतलं.