धाकट्या जावेचे जंतू

दोन वर्षं मला शौचाला रक्त पडत होतं. मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा. वडूजहून सांगलीला दवाखान्यात जायचं तर आदल्या दिवसापासून उपास, नाहीतर एसटीत अब्रू जायची. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, आतडं काढून पोटावर पिशवी लावू.

मी म्हटलं, ‘‘आतडं माझं हाय. दुसरं काय आसंल ते आधी करा.’’

दुसरं होतं. आतड्यात चांगले-वाईट जंतू एकत्र नांदतात, माझ्यात चांगल्यांचं बस्तान उठलं होतं. निरोगी माणसाची विष्ठा गाळून नळीने आत सोडायची. तिच्यातले जंतू रुजले तर रुजले. डॉक्टरांनी खात्री दिली नाही. नवऱ्याने नुकत्याच अँटिबायोटिक गोळ्या घेतलेल्या, तो बाद. सासूबाईंना साखर. उरली धाकटी जाऊ. वाटण्या झाल्यापासून आमचं बोलणं बंद होतं. अंगणातली भिंत मीच भांडून घालून घेतलेली.

तरी गेले तिच्या दारात. ‘‘तपासून चांगलं निघालं तर तुझं संडासचं पायजे मला. न्हाईतर आतडं काढत्यात.’’

ती भाकरी थापत होती. हात थांबले. ‘‘न्या की आक्का,’’ ती म्हणाली, ‘‘तसं बी वायाच जातंय.’’ आम्ही दोघी पिठाच्या परातीशी बसून पोट धरून हसलो.

तपासण्यांत ती पास झाली. चार वेळा माझ्याबरोबर सांगलीला आली. हळूहळू रक्त थांबलं. सासूबाईंनी बजावलं, ‘‘रक्त दिलं म्हनून सांग. लोक त्वांडात शेण घालतील.’’

घालू देत. दोन वर्षं दुखणं लपवून मला काय मिळालं होतं?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने विचारलंच, ‘‘जावंनं रक्त दिलं म्हनं?’’

‘‘रक्त न्हाई. संडास.’’ आणि सगळं सांगितलं, नळीसकट. दोघींनी नाकाला पदर लावला. मला संताप आला. ‘‘नाक कशाला झाकता? तुमच्या पोटात काय आत्तर हाय?’’

मग एक म्हातारी काळजीने म्हणाली, ‘‘आगं, पर परत उलटलं तर?’’

उलटू शकतं, डॉक्टरांनीही सांगितलंय. जाऊ बायकांना कुंकू लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘‘उलटू दे. मी हाय की.’’