बाबांनी शिवलेलं पार्सल

बाबांना रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमच्या फुलचूरच्या घरातून आजही काही सैल बांधलेलं बाहेर पडत नाही. मावशीला पाठवायचे पापडसुद्धा पोत्यात शिवले जातात. ते उघडायला विळा लागतो, असं मावशी दर वर्षी फोनवर सांगते आणि बाबा ते कौतुक समजतात.

अशा माणसाच्या घरात मी मागच्या डिसेंबरात कोरडा बर्फ आणला.

मी देवधानावर पीएचडी करते. अर्जुनी मोरगावकडच्या तलावांत हा भात कोणी न पेरता उगवतो. त्याच्या पानांचे तुकडे बारीक नळ्यांत भरून मी कॉलेजच्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवले होते आणि ते हैदराबादच्या प्रयोगशाळेत तसेच गोठलेले पोचायला हवे होते. वाटेत वितळले, तर हंगामभर चिखलात केलेली वणवण वाया. म्हणून नागपूरहून कोरडा बर्फ मागवला, सकाळीच कॉलेजात नळ्या त्यात पुरल्या आणि थर्माकोलचा डबा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घरी आणला. नागपूरला न्यायची गाडी घरीच येणार होती.

"बर्फ अन् कोरडा?" बाबा म्हणाले. "उद्या म्हणशील, चुलीतून ओला इस्तो आणला."

मी समजावलं. हा बर्फ वितळून पाणी होत नाही, त्याची थेट वाफ होते. ती वाफ बाहेर पडायला वाट लागते. म्हणून थर्माकोलचं झाकण नुसतं ठेवायचं, चिकटवायचं नाही. वरच्या खोक्यालाही टेप लावायची ती मधल्या फटीपुरती. खोक्यावर आत काय आहे ते आणि बर्फाचं वजन लिहायचं, धोक्याच्या मालाचं चौकोनी लेबल लावायचं.

"झाकण उघडं ठेवून पार्सल पाठवते?" बाबांचा चेहरा असा झाला, जणू मी बिनचपलेची कुणाच्या लग्नाला निघाले होते. "काऊन वं, लोकं काय म्हणतीन?"

मी आंघोळीला गेले. तेवढा वेळ बाबांना पुरला.

बाहेर आले तेव्हा खोका ओसरीवर होता आणि बाबा सुई-दोरा गुंडाळत होते. थर्माकोलला चारी बाजूंनी खाकी टेप, पुठ्ठ्याला परत टेप आणि त्यावर जाड कापड, टाके इतके सारखे की मशीननं घातल्यासारखे. मी काही बोलायच्या आधीच माझं लक्ष खोक्याच्या कुशीकडे गेलं. पंगतीत आग्रहाला बळी पडलेल्या पाहुण्यासारखा तो फुगला होता.

"बाबा, मागं सरका!"

"कायले?"

फटकन आवाज झाला. शिवण एका बाजूनं उसवली आणि फटीतून पांढरा धूर निघून ओसरीवरून खाली अंगणात उतरला. स्वयंपाकघरातून आई लाटणं घेऊनच धावत आली. धूर पाहिला, बाबांच्या हातातली सुई पाहिली आणि म्हणाली, "आता घरात बॉम्ब शिवून राहिले का तुम्ही?"

बाबा उसवलेल्या शिवणीकडे बघत होते. मला त्या क्षणी राग यायला हवा होता, पण त्यांच्याकडे बघून येईना. उभ्या नोकरीत आपलं एक पार्सल फुटलं नाही, हे आम्ही त्यांच्याकडून जेवताना असंख्य वेळा ऐकलेलं. मी हातमोजे घातले, कापड काढलं, टेप कापली. झाकण उडालं होतं, पण नळ्या बर्फात तशाच घट्ट गाडलेल्या होत्या. रिकाम्या जागेत कागदाचे बोळे कोंबले, झाकण नुसतं टेकवलं.

बाबा जवळ येऊन बसले. "नियम पुन्हा सांग," म्हणाले. "सावकाश."

मी सांगितले. गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या, नाहीतर ती वाफ आत साचून माणसाचा जीव गुदमरतो, हेही सांगितलं. तेवढं ऐकून ते आत गेले आणि माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर घालून बाहेर आले. "मी येऊन राहिलो."

नागपूरच्या वाटेवर कोहमाऱ्यापर्यंत ड्रायव्हरनं तीनदा काच वर करायचा प्रयत्न केला. "अंकलजी, ठंड बहुत है." तिन्ही वेळा बाबांनी मागून हात लांब करून त्याच्या खांद्यावर थाप मारली. "भैया, ठंड से आदमी मरता नही, गॅस से मरता है." ढाब्यावर आम्ही चहा प्यायलो. बाबांनी त्यांचा चहा गाडीजवळ उभ्यानंच घेतला, एक हात खोक्यावर.

नागपूरच्या कुरिअर ऑफिसात काउंटरवरच्या मुलीनं खोका तोलला, लेबल पाहिलं आणि सवयीनं टेपचा रोल उचलून सगळ्या फटी बंद करायला घेतल्या. मी तोंड उघडेपर्यंत बाबा पुढे झाले होते.

"बाई, थांब. याले श्वास घेऊ दे."

"काका, सील केलं नाही तर वरून परत येतं."

"मधात लाव ना, बाजूनं नको. आतमध्ये वाफ होते, वाट नाई भेटली तं फुटते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सकाळीच फुटलं. मीच बांधलं होतं."

ती हसली. तिनं आतल्या साहेबांना विचारलं, मग मधल्या फटीपुरती एकच पट्टी लावली. बाबांनी ती अंगठ्यानं दाबून पाहिली, तेवढं मात्र त्यांना सोडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी हैदराबादहून फोन आला. डब्यात अजून बर्फ शिल्लक होता, सगळ्या नळ्या गोठलेल्या. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. ते पांघरुणात शिंकत पडले होते.

"खोक्याचे कोपरे दबले तं नव्हते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग ठीक," म्हणाले आणि कूस बदलली. आई काढा घेऊन आली ती माझ्याकडेच डोळे वटारत. आठवडाभर आमच्या घरात सर्दीचा सगळा दोष माझ्या पीएचडीवर होता.