टँकर आला

आता हे सांगायचं म्हणजे माझीच अब्रू काढायची. पण चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो.

त्या वर्षी पाऊस नव्हता, शहर मात्र वाढतच होतं. मीही शहराच्या मधोमध असलेल्या क्रांती चौकापासून लांब, नव्या वसाहतीत फ्लॅट घेतलेला. आमच्या ऑनलाइन ग्रुपवर दर रविवारी प्रोग्रामिंगचे फुकट वर्ग भरायचे. शिकवायचा माझा मित्र अझहर. मी संयोजक, म्हणजे शेवटची दहा मिनिटं सूचना देणारा.

एका रविवारी मी बोलायला लागलो अन् चॅटमध्ये उमटलं, ‘टँकर आला!’ लिहिणाऱ्या देवगाव रंगारीच्या सुनीताताई, साध्या फोनवर कोड लिहून सगळ्यांच्या पुढं असणाऱ्या. लिहिलं आणि गायब! त्यांच्या गावातल्या दोघीही गायब.

पुढच्या रविवारी मी नुसतं ‘नमस्कार’ म्हणालो. लगेच, ‘टँकर आला!’

आता माझा देह तुम्ही बघताच आहात. ही टिंगल कुणाची, सांगायला हवं का?

अझहर म्हणाला, “भाई, पयले पूछ तो लो उनको!”

“विचारायचं काय त्यात? मी तोंड उघडलं की लिहितात!”

आणि मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं, ‘माझ्या वजनावर हसणाऱ्यांना इथं जागा नाही.’ सुनीताताईंना काढूनही टाकलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

“सर, माझं काय चुकलं? अभ्यास तर समदा केला मी.”

“मग दर रविवारी टँकर, टँकर काय लावलंय?”



“सर, पाण्याचा टँकर येतो ना गावात. नेमका तुमच्या सूचनांच्या टायमाला. न सांगता उठणं बरं दिसत नाय, म्हणून लिहीत होते. हंडे नाय भरले तर दोन दिवस घरात पाणी नाय.”

अहो, आमच्या इमारतीतही टँकरच यायचा! पण तो वॉचमन बघायचा. मी फक्त नळ सोडायचो.

माफी मागितली. त्यांना परत घेतलं, ग्रुपवर सगळ्यांसमोर चूक कबूल केली, वर्ग सकाळी लवकर ठेवला.

“ताई, राग नाही ना?”

“नाय सर. पण एक इचारू? तुम्ही जाड आहात, हे आम्हाला कुठं माहीत होतं? तुमचा कॅमेरा तर कायम बंद!”

खरं होतं. अख्ख्या ग्रुपला ते मीच लेखी कळवलं होतं.