उंबऱ्यावरचं पाणी

उजनीच्या पाण्याचा आकडा रोज सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर यायचा. इंदापूरच्या काठावरून पलीकडं माणसं नेणारी आमची लाँच. पाणी उतरलं की धरणात बुडालेलं आमचं जुनं गाव खालून वर यायचं आणि लाँचचा तळ भिंतींना घासायचा.

आकडा मी वाचायचा आणि तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याचा अर्थ सांगायचा. "मंजी चावडीच्या दुसऱ्या पायरीवर पाणी. डावीकडनं घे." मी त्या गावात एक दिवस राहिलेलो नाही, पण गल्ल्या तोंडपाठ. देवळावरून जाताना तात्या सगळ्यांना चपला काढायला लावत. मला हसू यायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना विसर पडायला लागला. भर दुपारी, वारा पडलेला, लाँच मध्यावर असताना ते उठले, धोतर वर खोचलं आणि एक पाय बाहेर टाकला.

"घर आलं," म्हणाले.

मी कंबरेला मिठी मारली. "तात्या, उंबरा अजून बुडालेला हाय!"

त्यांनी वाकून पाहिलं. हिरव्या पाण्यात काहीच दिसत नव्हतं. "व्हय की," ते म्हणाले. "पर आतनं कुणीतरी कडी वाजवतंय." लाँचमधलं कुणीही हसलं नाही.

तेव्हापासून त्यांना घरीच ठेवलं. धरण मायनसमध्ये गेलं, लाँच काठावर ओढून ठेवावी लागली, आणि मी रोज बेधडक सांगायचो, "भरलंय, तात्या. कळसावर पाणी हाय." लाज वाटायची. पण त्या गाळात माणूस कंबरेपर्यंत जातो, आणि मला भीती जास्त होती.

एका सकाळी असंच "भरलंय" म्हणालो. तात्यांनी गोधडीतून पाय बाहेर काढले. घोट्यापर्यंत ओला, करडा गाळ.

"मग ह्यो गाळ कसला?"

मी काठाकडं पळालो. अनवाणी परतल्याच्या खुणा होत्या आणि जाताना चपलांच्या. मोकळ्या गाळातून त्या सरळ गेल्या होत्या आणि जिथं काहीही दिसत नव्हतं अशा एका जागी एकदम उजवीकडं वळल्या होत्या. शेजारी पाय ठेवून बघितला, गुडघ्यापर्यंत गेला. त्यांच्या ठशावर ठेवला, तर खाली टणक दगडी रस्ता. ते वळण चावडीचं होतं.

खुणा एका उंबऱ्याशी संपत होत्या. त्याच्यावरचा गाळ हातानं पुसून काढलेला. बाहेर चपला जोडीनं लावून ठेवलेल्या. पलीकडं घर नव्हतंच, तरी आत पाय टाकायचा मला धीर झाला नाही. चपला उचलायचाही नाही. मी तसाच परतलो आणि त्यांचे पाय धुताना आधी चिडलो, मग रडलो.

दुसऱ्या दिवशी मी खरा आकडा वाचला.

"उंबरा?" त्यांनी विचारलं.

"निघालाय, तात्या. चला, चपला आणू. तुमी पुढं व्हा."

काठाशी मी माझ्या चपला काढल्या. तात्या चावडीपाशी वळले, आणि त्यांच्यामागं मीही वळलो.