इमानातलं लोखंड

सोल्डरचं तापलेलं टोक राळेला लागलं की पांढऱ्या धुराची एक बारीक, वळणदार रेघ वर चढते आणि तिच्या वासात धुपाचा गोडवा नि जळक्या तारेचा कडूपणा एकाच वेळी असतो. आमच्या शेडमध्ये गेली दोन वर्षं हा वास मुक्कामाला आहे. त्याआधी तिथे धानाच्या पोत्यांचा, तुसाचा आणि उंदरांचा वास होता. जागेचा खरा धनी कोण हे वासच सांगतो. सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो! सकाळी दार लोटलं की धुराच्या त्या रेघेपलीकडे माझा जावई प्रभाकर पाठमोरा दिसतो, आणि त्याच्या पलीकडे पंख पसरून उभं असलेलं, अजून एकदाही जमीन न सोडलेलं विमान.

आमच्या सानगडीकडच्या बोलीत विमानाला इमान म्हणतात. सचोटीलाही इमानच म्हणतात. एक आकाशात राहतं, दुसरं माणसाच्या पोटात. दोन्ही फार लोकांना जवळून पाहायला मिळत नाहीत. प्रभाकरनं नागपूरला वीस वर्षं दुसऱ्यांच्या विमानांच्या वायरी जोडल्या, मग माझ्या एकुलत्या एका मुलीला, शालूला, घेऊन तो माझ्याच गावी आला, कारण मोठी शेड आणि मोठं खळं माझ्याकडे होतं. बाजारात बायका विचारायच्या, “घरजवायाचं इमान कवा उडन वो?” मी म्हणायची, “तुही भाकड म्हैस दूध देईन तवा!” मग पुढचा आठवडाभर कुणी विचारत नसे.

मी चौथी शिकलेली. तरी त्या विमानात काय बसवायचं आणि काय नाही यात माझा हात आहे. उडवणाऱ्यासमोरच्या फळीवर पडद्यासारखी एकच मोठी काच बसवायची असं प्रभाकरनं ठरवलं होतं. वेग, उंची, दिशा, तेल, ताप, सगळं त्या एका काचेत रंगीत दिसतं. दिसायला देखणी, पण मला ती एका डोळ्याच्या माणसासारखी वाटली.

“हे काच बंद पडली त?” मी विचारलं.

“बॅटरी हाय, मामी.” सासूला आमच्याकडे मामीच म्हणतात.

“बॅटरी गेली त?”

“दुसरी बॅटरी हाय.”

“थे बी गेली त?”

“मंग देव हाय,” तो हसून म्हणाला.

“देवाले आणखी काम कायले देता, जवाईबापू? बिनविजेचं एखादं ठेवा न.”

आम्ही धान लावतो तेव्हा सगळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, एकाच जातीचा लावतो का? हलका लवकर हाती येतो, भारी उशिरा. पाऊस आधी संपला तर हलका तारतो, उशिरापर्यंत टिकला तर भारी. शहाणपण एका पोत्यात भरून ठेवायचं नसतं, हे ज्याला आभाळ भरवशाचं नाही त्यालाच कळतं. आणि जो स्वतःच आभाळात जाणार, त्याला तर ते अधिक कळायला हवं! प्रभाकरला ते पटलं. काचेच्या बाजूला त्यानं तीन गोल यंत्रं बसवली: वाऱ्याच्या जोरावर वेग सांगणारं, हवेच्या दाबावर उंची सांगणारं, आणि पृथ्वीच्या चुंबकी ओढीवर दिशा सांगणारं होकायंत्र. होकायंत्र तर पातळ तेलात तरंगणारी नुसती एक आकड्यांची वाटी. त्याला वीज नको, बटण नको. ते मला माझ्यासारखं वाटलं.

आणि नेमकं तेच चुकायला लागलं.

धानाची मळणी होऊन खळं मोकळं झालं होतं. तिथे काठी रोवून, सकाळच्या आणि दुपारच्या सावल्या दोरीनं मोजून, आम्ही चुन्यानं उत्तर-दक्षिण रेघ आखली आणि तिला छेदणारी पूर्व-पश्चिम. मग विमान त्या रेघांवर फिरवायचं आणि कोणतं यंत्र काय बोलतं ते लिहायचं. शालू शेपटीला, मी पंखाला, तो आत. ज्या खळ्यात बैल गोल गोल फिरले, त्याच खळ्यात आम्ही हे पाखरू फिरवत होतो! उत्तरेला तोंड केलं की काच आणि होकायंत्र एकमताचे. दक्षिणेलाही एकमताचे. पूर्वेला वळवलं की होकायंत्र तीस अंशांनी एका बाजूला सरके आणि पश्चिमेला वळवलं की तेवढंच दुसऱ्या बाजूला. तीस अंश म्हणजे भंडाऱ्याला निघावं आणि भलत्याच जंगलावर पोचावं.

सोमवारी तपासणारे साहेब यायचे होते. त्यांनी कागद दिला तरच पहिली चाचणी होणार होती. नाही तर पुन्हा अर्ज, पुन्हा वाट, आणि प्रभाकरची उमेद तेवढी लांब पुरेल असं मला दिसत नव्हतं.

दोष शोधताना तो एका वेळी एकच गोष्ट बदलायचा. त्याची ही रीत मला फार आवडते. आमच्याकडे ताप आला की काढा, गोळी आणि अंगारा एकाच दिवशी देतात आणि ताप उतरला की तिघेही श्रेय मागायला येतात. प्रभाकरनं एकेक दिवा बंद करून पाहिला. होकायंत्राजवळच्या वायरी एकमेकींभोवती पिळून घेतल्या. स्क्रू काढून पितळी लावले. काचेला दिशा सांगणारी पंखातली डबी तपासली. दर फेरीनंतर आम्ही पुन्हा ते ओझं खळ्यावर फिरवायचो, आणि दर वेळी तेच तीस अंश.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर तो शेडच्या उंबऱ्यावर बसलेला. हातात काही नव्हतं. त्या माणसाचे रिकामे हात मी प्रथमच पाहिले.

“वीस वर्सं दुसऱ्याच्या इमानाले हात लावला, मामी, कवा चूक नाई झाली. आपल्याच इमानात मले दिशा सापडून नाई राहिली. माह्यावरच भरोसा नाई राह्यला.”

“मंग आता?”

“साहेबाले नका येऊ म्हून फोन करतो संध्याकाळी. पंख उतरवून ठेवतो. कोठीतरी लोखंड हाय, थ्या होकायंत्राले लोखंड खपत नाई. पन म्या सारं पायलं. असन तरी कोठी?”

चहाचा कप मी खाली ठेवला, कारण मला ठाऊक होतं कुठे आहे ते.

बाळंतिणीच्या खाटेखाली आम्ही इळा ठेवतो. धान कापायचा इळा, लोखंडी. नव्या जिवाला पाहून जे काही येऊ पाहतं, ते लोखंडाला भिऊन परत जातं म्हणतात. मी हे मानत नाही. ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना मी तोंडावर हसलेली बाई आहे. पण ज्या दिवशी पंख जोडले, आणि ती पत्र्याची पेटी एकाएकी पाखरू दिसायला लागली, त्या दिवशी दोघं जेवायला गेल्यावर मी मोडक्या इळ्याचं पातं त्याच्याच काळ्या फडक्यात गुंडाळलं आणि पुढच्या फळीमागच्या खोबणीत, होकायंत्राच्या अगदी मागे, खोचून दिलं. तसलीच काळी फडकी त्यानं आवाज दबायला तिथे भरून ठेवली होती. त्यातलं एक माझं आहे हे त्याला कसं कळावं?

लोखंड आणि होकायंत्राचं वैर मला त्या उंबऱ्यावरच कळलं. तरी मी बोलले नाही. घरी येऊन सूप घेतलं आणि दुपारपर्यंत तांदूळ पाखडत बसले, खडा नसलेला तांदूळ! जावई रागावेल याची भीती नव्हती. जावई सासूवर रागवत नसतो, तेवढी रीत अजून शिल्लक आहे. भीती होती ती कबूल करण्याची. पातं ठेवलं म्हणजे मी भ्याले होते. गेली पन्नास वर्षं या गावात मी कशाला भीत नाही हीच माझी ओळख. ती मी माझ्या हातानं कशी मोडू? आणि मग वाटलं, तिकडे एक शहाणा माणूस स्वतःला अडाणी समजून बसलाय, आणि मी इथे माझी ओळख पाखडते आहे. याला काय म्हणावं? इमान तर नक्कीच नाही.

मी गेले तेव्हा त्यानं पाना पंखाच्या पहिल्या बोल्टला लावला होता. शालू पंखाखाली हात देऊन उभी होती.

“ठेवा तो पाना,” मी म्हटलं. “इळा हाय. तुमच्या थ्या होकायंत्राच्या मागं, खोबणीत. फडक्यात गुंडाळला हाय.”

“माय वो!” शालू ओरडली. “तूनं ठेवला?”

“मंग का सरपंचानं ठेवला?”

प्रभाकर आत चढला. फडकी उपसत गेला. पातं बाहेर आलं तशी तेलातली ती वाटी थरथरली आणि म्हशीनं पाण्यात सावकाश अंग वळवावं तशी वळून स्थिर झाली.

“काहून ठेवलं, मामी?”

“बाळंतिणीखाली काहून ठेवतेत? तुमी वर जाल, म्या खाली राहीन. खाली राहणाऱ्यानं करावं त काय करावं?”

त्यानं पातं उलटून पाहिलं. मग हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “साऱ्या इमानाले पितळी स्क्रू लावले म्या, आन सासूनं इळा ठेवला!”

आम्ही पुन्हा विमान खळ्यावर काढलं. होकायंत्राच्या पोटातले बारीक चुंबक त्यानं पितळी पेचकसानं फिरवले. तीस अंशांचे दहा झाले, पाच झाले, आणि पूर्वेला तीनवर येऊन थांबले.

“हे बी काढा न,” मी म्हटलं.

“येवढं राहतेच, मामी. इंजिनच लोखंडाचं हाय. थे लिवून ठेवा लागते.”

मला हे नवीन होतं. प्रत्येक होकायंत्राखाली एक चिठ्ठी असते, आणि ते कोणत्या दिशेला किती खोटं बोलतं ते तिच्यावर उघड लिहिलेलं असतं. उडवणारा ती वाचतो, तेवढं वजा करतो आणि बरोबर गावाला पोचतो. किती सभ्य व्यवहार हा! चूक लपवायची नाही, तिच्यासाठी यंत्र फेकायचं नाही. फक्त माप घ्यायचं आणि सांगून टाकायचं. प्रभाकरचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, म्हणून चिठ्ठी मी लिहिली. चौथीपर्यंतचं का होईना, वळण माझं आहे.

सोमवारी साहेब आले. त्यांनी स्वतः आत बसून आम्हाला विमान चारी दिशांना फिरवायला लावलं, दर वेळी चिठ्ठीवर बोट ठेवून आकडे जुळवले आणि सही केली.

काल पंख उतरवून विमान ट्रकवर चढवलं. या वेळी पंख उतरले ते जाण्यासाठी. इथून दूरच्या धावपट्टीवर, वारा शांत असेल त्या सकाळी, प्रभाकर ते पहिल्यांदा उचलणार आहे. ट्रक निघेपर्यंत मी गप्प बसले नाही. ताडपत्री सैल का, दोरीला गाठ आहे की चेष्टा, डबा कुठे ठेवला, ड्रायव्हर झोपेत आहे का, स्वेटर कुणी घ्यायचा! गल्ली गोळा झाली.

“माय, कायले येवढी वरडून राहिली तू?” शालू वैतागून म्हणाली.

प्रभाकर ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. “वरडू दे त्याईले,” तो म्हणाला. “थे चिठ्ठीवरले तीन डिग्री हाय. तेवढं वजा कर.”

मी ओरडायची थांबले नाही. वजा करून ऐकणारा माणूस घरात असल्यावर कशाला थांबावं?