जाण्यापुरती बॅटरी

आमचे बाबा हेकट आहेत, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन, त्यांच्यासुद्धा. त्यांचं नाव फव्वाज. छावणीत सगळे त्यांना अबू कुतैबा, म्हणजे कुतैबाचे बाबा, म्हणतात. कुतैबा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो जर्मनीत असतो आणि ईद आली की फोनवर चेहरा दाखवतो. उरलेलं वर्षभर बाबा माझ्या वाट्याला.

लढाईआधी ते आमच्या ऐन बलूत गावातून हलब शहरापर्यंत मिनीबस चालवायचे. डोंगरातला रस्ता, पण माणूस असा शिस्तीचा की टाकीत परतीचं डिझेल असल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. एकदा अख्खी वरात पंपावर उभी केली होती. नवरीची आई शिव्या घालत होती आणि हे शांतपणे टाकी भरत होते. "न्यायला कुणीही नेतं, घरी आणून सोडतो तो ड्रायव्हर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग बस जळाली, गाव सुटलं, आणि आम्ही दोघं इदलिबबाहेरच्या छावणीत येऊन पडलो. आधी तंबू, मग सिमेंटच्या विटांची एक खोली. मी छावणीच्या शाळेत शिकवते. बाबा दारात खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्यांच्या चुका काढतात.

लढाई संपल्यावर माणसं वर डोंगरात आपापली घरं बघून यायला लागली. बाबाही एकदा एका ट्रकमधून जाऊन आले. छत नाही, छतातलं लोखंडसुद्धा कुणीतरी उपसून नेलेलं, खिडक्यांच्या जागी भोकं. अंजिराच्या बागांत सुरुंग असतील म्हणून डांबरी सोडून पाय टाकायचा नाही. एवढंच सांगितलं. आठवडाभराने चहा पिता पिता म्हणाले, आपल्या जुन्या सायकलला मोटर बसवायची. मला बरंच वाटलं. म्हटलं, खुर्चीतून उठतायत तरी.

बाजारात बर्हानचं दुकान आहे. हा पूर्वी घरांचं वायरिंग करायचा, आता सायकलींना मोटर बसवतो. बाबांना आधी हजार वॉटची मोटर हवी होती, भिंतीवर टांगलेली सगळ्यांत मोठी. बर्हान हसला. त्यांना समजावत बसला की अबू कुतैबा, ही सपाटीवर उडवेल, पण अरीहा गावाच्या पुढच्या चढाला वेग कामाचा नाही, जोर लागतो. आत दाते असलेली पाचशेची घ्या, हळू चढेल पण सामानासकट चढेल, आणि बॅटरीही कमी खाईल. बाबांनी दोन्ही मोटरींची चाकं हाताने फिरवून पाहिली, कान लावून ऐकली आणि पाचशेची मान्य केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं असेल. मी मनात म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला.

मग बॅटरीचा विषय निघाला. बर्हानने विचारलं, किती लांब जायचंय?

"छत्तीस किलोमीटर," बाबा म्हणाले.

"म्हणजे जाऊन येऊन बहात्तर. मग ही चोवीस अँपिअरवाली मोठी घ्या."

"छत्तीस म्हटलं ना. ती छोटी दे, तेरावाली."

बर्हानला वाटलं, ऐकू कमी येतं. त्याने मोठ्याने सांगितलं की तुमच्या गावात ना तार आहे, ना सौर पाटी, ही तिथे पोचता पोचता संपेल आणि भरणार कुठे? बाबा म्हणाले, मोठीचं वजन फार होतं, मला गादी न्यायची आहे, पाण्याचे कॅन न्यायचे आहेत. बर्हानने पुन्हा सांगून पाहिलं की परतीला सगळा उतारच आहे, थोडीशीच जास्त लागेल. बाबा छोट्या बॅटरीवर हात ठेवून उभे राहिले. मी आपली शहाणी, वाटलं पैशाला जपतायत. वर त्यांनाच टोमणा मारला की काटकसर करावी, पण दर्यात खसखस कशाला?

घरी येऊन मी मसूर निवडायला बसले आणि हात थांबला. परतीच्या डिझेलसाठी वरात अडवणारा हा माणूस. त्याने परत यायचं मोजलंच नव्हतं.

कारणही मला त्याच क्षणी कळलं. शाळेच्या कोठाराचा हिशेब बघणारा मिदहत नावाचा माणूस आहे. विधुर आहे, शहरात दोन खोल्या आहेत, आणि त्याने मला मागणी घातली होती. त्याची आई येऊन बसली तेव्हा तिने तासभर हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ताकाला येऊन भांडं लपवणारी बाई. शेवटी जाता जाता दारात म्हणाली, की आमचं घर लहान आहे, निहाल एकटी आली तर सोन्यासारखं होईल. बाबा बाहेर खुर्चीतच होते. मी त्या दिवसापासून मिदहतला हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. बाबांनी मात्र माझं उत्तर परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी ताट ढकललं आणि बाहेर जाऊन विचारलं, "परत कसे येणार आहात?"

"कोण म्हणालं येणार आहे?" त्यांनी रस्त्यावरची नजरही काढली नाही. "तिथे माझं घर आहे. इथे मी तुझ्या दारातला धोंडा."

मी भांडले. सगळ्या गल्लीने ऐकावं असं भांडले. छत नसलेल्या घरात म्हातारा एकटा काय करणार, साप आहेत, मोकाट कुत्री आहेत, आजारी पडलात तर पाणी कोण देणार? आणि मला न विचारता माझं लग्न लावायला तुम्हाला सांगितलं कुणी? मला रडू आवरेना, आणि रडू आलं की माझा आवाज चढतो. बाबा ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, चहा कर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बर्हानकडे गेले. माझा पगार त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, त्यांना सांगू नकोस, चोवीसवाली बसव. तो म्हणाला, निहालबाई, वजन त्यांना कळेल. मी म्हटलं, कळू दे. त्याने सायकलच्या त्रिकोणातल्या कातडी पिशवीत मोठी बॅटरी बसवली, वरून पट्टे आवळले. मग बॅटरी किती उरली ते सांगणारे हँडलवरचे पाच दिवे मला दाखवले. वर पोचले की दोन दिवे उरतील, उतार आहे, परतीला एक पुरेल. त्याच्याखाली जाऊ देऊ नका, म्हणाला.

बाबा निघाले ती सकाळ ढगाळ होती. गादी, दोन कॅन, कुदळ, ऑलिव्हचा डबा, सगळं बांधून झालं. मी रागाने मदत केली नाही, आणि नंतर धावत जाऊन खुबूसच्या रोट्यांची पिशवी हँडलला अडकवली. ते म्हणाले, "मिदहत चांगला माणूस आहे. बस चालवता येत नाही एवढंच." आणि गेले. चढावर माणूस दिसेनासा व्हायला वेळ लागतो. आमचा रस्ता सपाट आहे, ते बघता बघता दिसेनासे झाले.

संध्याकाळी फोन आला. पोचले होते. किती दिवे आहेत, मी विचारलं.

"दोन," ते म्हणाले. "उचलतानाच कळलं होतं मला. नसती उठाठेव."

"मग या परत."

"बघू."

म्हणजे बॅटरीला दोष द्यायची सोयही मी माझ्याच हाताने घालवली. येता येत नाही म्हणून तिथे राहिले असते, तर एक वेळ सोसलं असतं. आता येता येत होतं आणि ते येत नव्हते.

मिदहतने आपणहून सांगितलं की चुलतभावाची गाडी आहे, जाऊन घेऊन येऊ. त्याच्या आईला हे सांगायची हिंमत त्याला कुठून आली, देव जाणे. मी बाबांना विचारलं. म्हणाले, मी उचलून आणायचं सामान नाही, आलो तर माझ्या चाकांवर येईन. त्या 'आलो तर'वर मी आठ दिवस काढले.

रोज दिवेलागणीला ते पडक्या भिंतीवर चढून फोन करायचे, तिथेच जरा आवाज पोचतो. भिंतीचे दगड रचतोय, शेजारच्या पडक्या घरात एक मांजर आहे, विहिरीत पाणी आहे पण खारट लागतं. मग माझी चौकशी, मग मिदहतची. एकदा बोलता बोलता सहज कळलं की फोन ते सायकलच्याच बॅटरीवर भरतात. रात्री कुत्री जवळ येऊ नयेत म्हणून एक दिवाही त्यावरच लावतात. दुसरं आहे काय तिथे? मी धसकले. हँडलवरचे दिवे किती राहिले? एक, म्हणाले. पूर्ण आहे की लुकलुकतोय?

"लुकलुकतोय जरासा."

मी बर्हानला फोन केला. तो म्हणाला, उद्या सकाळी निघाले तर येतील, अजून एक रात्र अशीच गेली तर अरीहाच्या अलीकडे ढकलत आणावी लागेल, आणि त्या वयात सामानासकट ढकलणं शक्य नाही.

मी लगेच बाबांना फोन लावला. म्हटलं, आता मी सांगते ते नीट ऐका. आज दिवा लावू नका. हा फोन झाला की बंद करा, परत भरायला लावू नका. उजाडलं की निघा. मिदहतला मी आजच सांगितलंय, मी आले तर बाबांना घेऊन येईन, नाहीतर येणार नाही. त्याचं त्याला आणि त्याच्या आईला ठरवू दे. तुम्ही फक्त निघा.

पलीकडे वारा ऐकू येत होता.

"सकाळचं सकाळी बघू," बाबा म्हणाले. आवाज थकलेला होता, आणि मला ओळखीचा नसलेला एक मऊपणा त्यात होता. "पोरी, इथे दिवसभर कुणाशी बोललो नाहीये. आज काय जेवलीस ते सांग."

फोन ठेवायला हवा होता. तो संपला की ते सायकलवरच भरणार, म्हणजे एकेक मिनिट परतीच्या वाटेतून जात होतं, ते मला कळत होतं.

मसूरभाताचा मुजद्दरा केला होता, मी म्हणाले. कांदा जरा करपला. आणि मग मी त्यांना सगळं सांगत बसले.